धान्य गुणिले दोन

जिनिंग बंद. मे महिना.
वडनेरच्या रस्त्यावर एक गाडी नाही,
तरी वजनकाट्याची खोली उघडी ठेवायची.
मालक म्हणतो, काटा रिकामा असला तरी
त्याच्यासमोर कोणीतरी बसलेलं असावं.

मी बसतो.
चौकीदार शालिक कूलरमध्ये दोन बादल्या ओततो.
त्याची पोरगी उत्पला, सहावी पास,
माझी खुर्ची घेते. मी स्टुलावर.

संगणक जुना. पडद्यावर अजून
मार्चातल्या शेवटच्या ट्रकचा आकडा.
तो बाजूला सारला की मागे एक राज्य उघडतं,
कोण्या जुन्या ऑपरेटरनं टाकून ठेवलेलं:
नदी, चार झोपड्या, एक कोठार,
आणि धुक्यापलीकडे लाल झेंड्याचा तो.

त्याला नाव नाही. 'संगणक' एवढंच.
त्याला किती अक्कल द्यायची ते आपण ठरवायचं:
सोपा, मध्यम, कठीण.
माणसांच्या बाबतीत अशी सोय
मला तरी कुठं मिळाली नाही.

सोप्यावर तो भला माणूस.
आपण फौज त्याच्या दाराशी नेली तरी
त्याचा एक म्हातारा गडी लाकडं तोडत असतो.
उत्पला तीन दिवसांत विटली.
"झोपलेल्याले काय हरवाचं, काका?"

कठीणवर ती हरली. परत हरली.
अकरा वेळा. काट्याच्या वहीत मागच्या पानावर
मी रेघा मारून ठेवल्यात.
हिचा पहिला भालेवाला तयार होईस्तोवर
लाल घोडे नदी ओलांडून हजर.
"लय डोक्याचा हाय तो," शालिक दारातून म्हणाला.
शालिकला एकूण जगाबद्दलच तसं वाटतं.

पण ती मोजत होती.
एका घोड्याला धान्य किती, दिवस किती,
आधी बोटांवर, मग माझ्या पावतीबुकावर.
जमतच नव्हतं. एवढे घोडे येतात कुठून?

एका रात्री लाइट गेली, आली,
आणि ती खेळात न जाता त्याच्या फोल्डरात शिरली.
एक साधी फाइल, नुसत्या ओळी.
मी म्हटलं, बाई, काट्याचं काही पुसू नको.
तिनं पडद्यावर बोट ठेवलं:

सोपा: विचार दर वीस सेकंदांनी.
मध्यम: विचार दर पाच सेकंदांनी.
कठीण: विचार दर पाच सेकंदांनी.
धान्य गुणिले दोन. धुकं नाही.

"पाहा," ती म्हणाली, "अक्कल तेवढीच हाय.
त्याले फक्त जास्त भेटते.
आन् आपलं सगळं दिसते."

अठरा वर्षं मी या काट्यावर.
काटा खरा आहे, दरसाल त्यावर सरकारी मोहर होते.
काट्यावर चढण्याआधी कोणाला गुणिले किती,
ते या पडद्यावर कधी आलं नाही.

मला वाटलं, आता ही दोनाचा एक करणार.
फाइल उघडीच होती. मी तर केला असता.
लहानपणी वाघ-बकरीत
बापाचा एक खडा मी चड्डीच्या खिशात घालायचो.

तिनं फाइल मिटली.
"राहू द्या. त्याले दिसते ना,
मंग आपण दाखवू."

उत्तरेची भिंत तिनं अर्धीच सोडली.
फटीपाशी एक म्हातारा गडी ठेवला,
लाकडं तोडत.
मला हसू आलं. ही आता
स्वतः 'सोपा' होऊन बसली होती.
सगळे लाल घोडे त्या फटीकडे धावले,
दुप्पट धान्य खाल्लेले,
आणि दर पाच सेकंदांनी तोच एक विचार करणारे.
दक्षिणेकडून हिचे सहा भालेवाले
त्याच्या कोठारापर्यंत पोचले.
कोठार पेटलं.

तरी ती हरलीच. पण दीड तासानं.
बारावी रेघ मी मारली, जराशी आखूड.

शालिकनं हाक मारली.
जाताना ती मुद्दाम काट्यावरून चालत गेली.
पडद्यावर क्षणभर तीस किलो,
मग शून्य.