सातशे तीनची चावी

रात्री अकराला फोन. मोक्पोत नोव्हेंबरात
या वेळेला कुलपवाल्याची आठवण दोघांनाच होते:
पिऊन आलेल्यांना, नाहीतर म्हाताऱ्यांना.
ही म्हातारी निघाली. सातवा मजला, सातशे तीन.
ग्वाक ओकबुन. हातात प्लॅस्टिकची पिशवी,
पिशवीत दोन छोटे ऑक्टोपस, जिवंत,
आणि दार मेलेलं.

"महिनाभर गाणं म्हणत होतं," ती म्हणाली,
"दार लावलं की वेगळीच धून.
मला वाटलं, सणाची असेल."
आजी, ती बॅटरीची रड होती.
चार पेन्सिल सेल, आतल्या बाजूला.
भूक ज्याला लागते त्याचं तोंड आत
आणि घास घेऊन आपण बाहेर.
हे मी नाही बनवलं, माझ्याकडे बघू नका.

खिशातून नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी काढली.
पॅनेलच्या बुडाशी दोन ठिपके असतात, तांदळाएवढे,
त्यांना टेकवून धरायची, हलवायची नाही.
उजेड आला. आधी दोन आकडे
यंत्र स्वतःच मागतं, कुठलेही,
बोटांचे डाग चोराला वाचता येऊ नयेत म्हणून.
मग आपला नंबर, मग चांदणी.
"दाबा," मी म्हटलं.
तिने बोट उचललं आणि ते हवेतच राहिलं.

नंबर तिला ठाऊक नव्हता. बोटाला होता.
अकरा वर्षं बोट आपलं आपण जायचं,
ती तोवर भाताचा विचार करायची.
आता कुणी बघतंय म्हटल्यावर
ते पाठांतर विसरलं.
एकदा चुकलं. दोनदा.
नवऱ्याचा वाढदिवस. तोही नाही.
पाचव्यांदा यंत्राने कानांवर हात ठेवले:
तीन मिनिटं काही ऐकणार नाही.

तीन मिनिटं.
ऑक्टोपसने पिशवीला आतून एक हात लावला.

"चावी?" मी झाकण सरकवून दाखवलं.
खाली जुन्या वळणाचं भोक,
एवढ्या दिव्यांमागे अंग चोरून बसलेलं.
निम्मी गिऱ्हाइकं इथे एकच उत्तर देतात: आतल्या खणात.
मी ड्रिल काढायला वाकलोच होतो.
ती म्हणाली, "सातशे चारमध्ये."
आणि सातशे चारकडे पाठ करून उभी राहिली.

नंतर कळलं, चार वर्षं.
कारण कोबीच्या टबाचं, की लिफ्टमधल्या एका वाक्याचं,
दोघी वेगवेगळं सांगतात.
एकाच भिंतीला दोन्हीकडून टीव्ही,
आणि तोंडाला कुलूप, तेही बिनबॅटरीचं.

बेल मीच वाजवली.
मिन कप्सुन केसांना रोलर लावून आल्या.
काही विचारलं नाही. दाराआड हात गेला,
बघावंही लागलं नाही,
खिळ्यावरून चावी निघाली,
लाल लोकरीत ओवलेली, गाठीला चिकटपट्टी: ७०३.
हिच्याही हाताला ठाऊक होतं.

चावी शिरली, वळेना. अकरा वर्षांची समुद्राची हवा.
"तेल घाला," ओकबुन आजी म्हणाली.
"तेलाने धूळ चिकटते, एवढंही कळत नाही."
चार वर्षांतलं पहिलं वाक्य ते हे.
बरोबर होतं, म्हणून मी मध्ये पडलो नाही.
नातीची पेन्सिल मागितली, शिसं चावीच्या दातांवर घासलं,
घातली, काढली, घातली.
खट्.

धून नाही, काही नाही. नुसतं खट्.

चारही सेल बदलले, एकदम.
तीन नवे, एक जुना असं करू नका,
जुना नव्यांना ओढत नेतो.
"नवा नंबर घालू का?"
"नको," म्हणाली, आणि पॅनेल पेटल्याबरोबर
बोट निघालंसुद्धा. मी तोंड फिरवलं.

चावी बुटांच्या कपाटावर पडली होती.
मी सांगणारच होतो, ही घरात ठेवू नका,
तोवर कप्सुन आजींनी ती उचलली
आणि रोलरसकट आपल्या दाराकडे चालू लागल्या.
"ऑक्टोपस दोन आहेत," आतून आवाज आला.
मला उद्देशून नव्हता.

मी फक्त जाण्यायेण्याचे पैसे घेतले.
लिफ्टमध्ये ध्यानात आलं,
नऊ व्होल्टची बॅटरी वरच राहिली.
नाही गेलो परत.