आज दापोडी कोणाला?

लीगचं वेळापत्रक मीच काढतो,
रात्रपाळीला, मशीन आपोआप चालत असतं तेव्हा,
लांबड्या वहीत, पट्टीनं आखून.
सहा क्लब, पंधरा सामने.
खडकी, हडपसर, मुंढवा, येरवडा, कोंढवा
आणि दापोडी.

कुणाला सांगावं तर विचारतात,
रग्बी? म्हणजे ते हेल्मेटवालं?
नाही, म्हणतो, डोकं उघडंच असतं.
मग माझ्या चुरगळलेल्या डाव्या कानाकडे बघतात
आणि विषय बदलतात.

मैदान महापालिकेचं.
सातपर्यंत ड्रायव्हिंग स्कूल,
नऊनंतर क्रिकेट, आठ मॅचेस एकमेकींत गुंतलेल्या.
मधले दोन तास आमचे.
आधी लग्नाच्या मांडवाचे खड्डे बुजवायचे,
मग चुन्याच्या रेषा.
खांब भोसरीच्या फॅब्रिकेटरनं केले.
अजून विचारतो,
साहेब, त्या फाटकाला दार कधी बसवायचं?

नवनाथ कोद्रे कबड्डीतून आला.
पळायचं पुढे आणि चेंडू द्यायचा मागे,
हे पटायला त्याला अख्खा मोसम लागला.
मागं कोण हाय ते दिसत नाय की!
ऐकू येतं ना, म्हटलं.

त्या रविवारी दापोडीचे तेराच आले.
एकाला सुट्टी नाही, एकाच्या बहिणीचा साखरपुडा.
दहा मिनिटं वाट बघितली, नियमाप्रमाणे,
आणि मुंढव्याच्या नावापुढे लिहायला घेतलं,
'पुढे चाल'.
तेवढ्यात नवनाथच आला
आपले दोन गडी दंडाला धरून,
शेजारी पातेली उसनी द्यायला यावं तसा.
घ्या. मॅच झाली की परत करा.
न धुता चालतील.

दोघांनी जर्सी उलट्या घातल्या, शिवणी बाहेर.
त्यातल्या झुबेर तांबटनं
शेवटच्या मिनिटाला नवनाथलाच आडवं केलं,
रेषेच्या वीतभर अलीकडे.
मुंढवा दोन गुणांनी हरलं.
तोंडात माती, तरी नवनाथ ओरडला,
वा रं पठ्ठ्या!
हे कोणाच्या खात्यावर लिहायचं?
वहीला रकाने दोनच.

पुढच्या वर्षी दापोडी उतरलीच नाही.
त्यांचा कप्तान अँथनी पाटोळे चाकणच्या पुढे राहायला गेला,
दोघं लष्करात, एकाचा गुडघा,
बाकीचे नुसते यायचे थांबले.
त्याला कारण लागत नाही.
जर्सींचं बोचकं माझ्याकडे आहे,
माळ्यावर, कूलरच्या शेजारी.

पाच क्लब. विषम आकडा आला की
दर रविवारी एकाला जोडीदार उरत नाही.
मग एक खोटा संघ धरायचा,
म्हणजे गणित बसतं.
मी नवं नाव शोधत बसलो नाही.
सहाव्या ओळीत दापोडीच ठेवलं.

आधी पोरं हसली. मग शब्द रुळला.
आता, ज्यांनी दापोडीचा एकही गडी पाहिला नाही
ती नवी पोरंसुद्धा विचारतात,
काका, या रविवारी दापोडी कोणाला?
म्हणजे सुट्टी कोणाला.
सुट्टीवाले येतात तरी. चुना मारतात,
कडेला उभं राहून दुसऱ्यांच्या मॅचमध्ये ओरडतात,
मागे! मागे आहे मी!

काल कोंढव्याला दापोडी होती.
सातला पोचलो तर खांबाशी एक माणूस,
पोट सुटलेलं, बोटाला लहान मुलगी.
अँथनी.
इकडे काम होतं, म्हणाला, म्हटलं चक्कर मारावी.
बरं केलंस, आज तुझीच मॅच आहे.
वही उघडून दाखवली, कोंढवा विरुद्ध दापोडी.
त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं,
बराच वेळ उचललं नाही.

चौदा कमी आहेत, म्हणाला,
आणि चपला काढायला लागला.