शाळेची माहिती, एकच पान

दर सप्टेंबरात हे पान माझ्याच टेबलावर येतं.
कॉलेजांना पाठवायचं असतं: आम्ही कोण, कुठले,
मुलं किती, शिक्षक किती, पुढे शिकणारे किती टक्के.
गेल्या वर्षीचं पान उघडायचं, आकडे खोडायचे, नवे घालायचे.
"एकच पान हं, मिसेस विझ्नेव्स्की," खूरी सर दारातून सांगतात.
मुख्याध्यापक झालेत आता.
त्यांच्या उशिराच्या चिठ्ठ्या मीच लिहायचे.

नाव: मोर्ले हाइट्स पब्लिक हायस्कूल.
हाइट्स कसल्या! ओहायोचा हा कोपरा पोळपाटासारखा सपाट.
गावात सगळ्यात उंच म्हणजे
फुटबॉलच्या मैदानातल्या लोखंडी बाकांची शेवटची रांग.
तिथून काचकारखान्याचं धुराडं दिसायचं.
आता गोदाम दिसतं, बिनखिडक्यांचं,
आणि रात्रभर दिवे लावून उभे ट्रक.

स्थापना: १९५८.
दारावरच्या पितळी पाटीवर तेच कोरलंय.
पाटी एका वर्षाचं खोटं बोलते.
सत्तावन्नच्या शरदात छप्पर चढलं नव्हतं
आणि मुलं तर दारात उभी,
कारखान्याच्या नव्या वसाहतीतली, एका नकाशाच्या घरांतली.
मग वर्ग भरले सेंट हेडविगच्या तळघरात,
बिंगोच्या टेबलांवर भूमिती,
शेजारच्या स्वयंपाकघरात कुणाच्या तरी लग्नाचा कोबी शिजतोय.
माझी थोरली बहीण त्या तुकडीतली.
काटकोन म्हटला की तिला
मरेपर्यंत भूक लागायची.

घरी बोलल्या जाणाऱ्या भाषा: सतरा.
हा रकाना माझ्या वेळी नव्हता.
पोलिश होतीच की, पण ती कोण मोजतो?
मधल्या सुट्टीत सॉसेज लपवायचो,
त्याच कागदात तीही गुंडाळलेली.
आता अरबी, स्पॅनिश, नेपाळी खुशाल जिन्यावर भांडतात
आणि मला वाटतं, भांडा बाबांनो.

यंदा उन्हाळ्यात नळ फुटला, दप्तराच्या खोलीत घोटाभर पाणी.
खोकी उचलता उचलता हाती आलं पहिलं हजेरीपुस्तक,
कडा फुगलेल्या, आतली शाई शाबूत.
क्रमांक दोनशे बारा: एउसेबियो कांतू, वय पंधरा.
पत्ता: बीटचं शेत, झोपडी चौथी.
अकरा आठवडे हजर, एकही खाडा नाही.
मग लाल रेघ, आणि कुणाच्या तरी सुवाच्य अक्षरात: गेला.
बीट उपटून झाले होते.
टेक्सासहून आलेले ट्रक टेक्सासला परतले.
दोन वर्षांनी ते शेत शाळेनं विकत घेतलं.
चौथी झोपडी साधारण कुठे असेल, मी चालून पाहिलं:
रसायनशाळेतलं हात धुवायचं बेसिन.

एकूण विद्यार्थी: सोमवारी ११४३ लिहिले.
मंगळवारी एक मुलगी खिडकीशी आली, अकरावीतली,
लॉकरचं कुलूप परत करायला.
आईची गोदामातली पाळी सुटली, शनिवारी निघणार.
पुढची शाळा कुठली, मी विचारलं, कागदावर जागा असते तशी.
"अजून माहीत नाही," म्हणाली.
कुलपाचा आकडा मात्र सांगत बसली,
जणू पुढच्या मुलाला तो माझ्याकडून मिळणार होता.
११४२.

शेवटचा रकाना: आजवर पदवी घेऊन बाहेर पडलेले.
नियम स्पष्ट आहे, मीच तो नव्या कारकुनांना शिकवते.
१४,८०६.
एकतीस वर्षांत हा आकडा कुणी तपासलेला नाही.
सहाचा सात केला.
आणि वर जाऊन स्थापनाही: १९५७.

खूरी सरांनी सही करताना चष्मा वर सरकवला.
"अठ्ठावन्न होतं ना?"
"पाटी चुकलीय."
"बदलायची?"
"पैसे कुठायत," मी म्हटलं.
त्यांनी सही केली.
मग प्रिंटरमध्ये कागद अडकला
आणि आम्ही दोघं, बाह्या सरसावून,
तो ओढत बसलो.