विसरलेली पेंडी

रेशनकार्डावर आमचं आडनाव शनवारे.
खरं तर वाक्रुळकर, पण जिनिंगचा फिटर
शनिवारी पान्याला हात लावत नाही,
एवढंच गावानं पाहिलं
आणि कारकुनानं तेच लिहिलं.
बाबांनी बदलून घेतलं नाही.
लोकांनी दिलंय, म्हणाले, फुकट मिळालंय.

फंडाच्या पैशांतून धामोडीला दोन एकर घेतलं,
जवारी पेरली, मधे तुरीचे पट्टे.
पहिल्याच सोंगणीला बायांना सांगितलं:
चारही कोपरे उभे ठेवा.
पडलेलं कणीस उचलू नका.
ज्याला लागेल त्यानं सरवा न्यावा,
मला विचारू नये.
"येडं हाय का हे मानूस?" पंचफुला हसली
आणि सांजेला ओचा भरून घेऊन गेली.
सकाळी हात जोडायला आली
तर बाबा जवळजवळ रागावले:
कोपरा माझा नव्हताच,
आभार कसले घेऊ?

तिसरी गोष्ट मात्र त्यांना जमेना.
आमच्यात सांगितलंय,
वावरात पेंडी विसरून आलास
तर मागे फिरू नकोस,
ती आता दुसऱ्याची.
पण हा माणूस विसरणार कसा?
प्रेसचा एकेक नटबोल्ट नंबरानं ओळखायचा,
बंडीत पेंड्या चढताना ओठांत मोजायचा,
एकशे बारा, एकशे तेरा.
एकदा मुद्दाम एक ठेवून आले
आणि रात्रभर कूस बदलत राहिले.
"हे विसरणं नव्हे, येरुशा," आईला म्हणाले,
"हे लपवणं झालं."
अठरा सोंगण्या अशाच गेल्या.

मग एका माघात, जेवताना, घास हातातच:
"बाभळीखाली एक राहिली!"
मी बॅटरी शोधायला उठलो.
त्यांनी सदरा धरून मला खाली बसवलं.
असं हसताना मी त्यांना
माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं.
दुसऱ्या दिवशी मलिदा:
भिजवलेले पोहे, गूळ, वेलची,
मुर्तिजापुराहून आणवलेला नारळ,
संत्री, केळी, बोरं.
सगळ्या गल्लीत वाटला.
कशाचा म्हणून कुणी विचारलं
की सांगायचे,
मला विसरता आलं.

पुढच्या वर्षी चार पेंड्या राहिल्या.
त्याच्या पुढच्या वर्षी विळा,
छत्री,
माझं नाव.
एका सांजेला रस्ताच.
पंचफुला त्यांना मनगट धरून घेऊन आली,
पायजम्याला कुसळं, एका पायात चप्पल नाही.
मी काही बोलणार तोच म्हणाली,
"कायचे आभार, भाऊ?
कायदा मले माहीत हाय,
वावरात राह्यलेलं आमचं असते.
पन हे तुम्हीच ठेवा."
आणि म्हशीची वेळ झाली म्हणून निघून गेली.

आता ते अर्धी भाकर खातात, वाटीभर वरण,
आणि जेवणानंतरची ती लांब प्रार्थना म्हणतात
अख्खी, एक शब्द न चुकता,
भाकरीसाठी, भुईसाठी, भरल्या पोटासाठी.
घटकाभरानं पुन्हा.
ताट केव्हाच घासून पालथं घातलेलं असतं.
दिवे लागताना आणखी एकदा.
मी थांबवायला जातो
तर आई चुलीकडून म्हणते,
म्हणू दे त्यांना.
खाऊन विसरलेले
मी पुष्कळ पाहिलेत.