टोक

हैमाच्या अलीकडे एकोणीस किलोमीटर
रस्ता इतका सरळ आहे
की डोळे आपसूक मिटतात.
तिथे मी एक गाडी पाहिली,
पत्र्यात मण्यासारखी ओवलेली.
कठड्याचं टोक उजव्या दिव्यातून शिरलं,
शेजारच्या सीटवरचं कलिंगड फोडून
मागच्या काचेतून बाहेर आलं होतं,
पुढे जाऊन काही विचारायचं असावं तसं.

सालेम मास्तर, भूगोल शिकवायचे,
कडेला उकिडवे बसून
पांढऱ्या दिशदाशावरच्या काळ्या बिया
एकेक वेचत होते.
म्हणाले, बायको येणार होती आज.
दाढ दुखत होती म्हणून राहिली.
मग हसले, आणि हसू थांबेना त्यांचं.

त्या रात्री मस्कतला परतून
जुनं ड्रॉइंग पहिल्यांदा नीट वाचलं.
खाली सही माझीच होती.

मोडेन पण वाकणार नाही,
आमच्याकडे छाती काढून म्हणतात.
थोरल्या काकांनी ते म्हणत
एका सामाईक जिन्यापायी
सख्ख्या भावाशी बावीस वर्षं अबोला धरला.
कठडा त्याच घराण्यातला.
मधे कुठेही धडका, गाडीला अलगद
रस्त्यावर परत लावतो, गुणी आहे.
पण टोकाला आला की
कुणाचं ऐकत नाही.

तर टोकाला एक डोकं बसवायचं ठरलं.
रुंद, चौकोनी, काळेपिवळे पट्टे.
गाडी आदळली की ते मागे सरकेल,
पत्र्याच्या वळ्या दाबून सपाट करील
आणि बाजूला काढून देईल,
सुताराच्या रंध्यातून निघते तशी
लांब, गुंडाळत जाणारी साल.
एवढं होईपर्यंत गाडीचा राग संपला पाहिजे.
राग किती, किती मीटरांत,
छातीला किती सोसेल.
कागदावर हे जमतं.

दाऊद परकारला कागद जमेना.
दाभोळचा वेल्डर. खांबांना
जमिनीलगत भोकं पाड म्हटलं
तर ड्रिल खाली ठेवून बघत राहिला.
"एकतीस वर्षांत माझा एक जोड सुटला नाही.
आता तुटावं म्हणून काम करू?"
हो, म्हटलं, पण कुठे तुटायचं
ते आपण ठरवायचं.
थर्मासमधला चहा संपेपर्यंत बोलला नाही.
मग खडूनं खूण केली,
माझ्या खुणेच्या चार बोटं खाली.
"बुंधा वर राहिला तर गाडीच्या पोटाला लागेल."
बरोबर होतं.
मी ड्रॉइंग बदललं.

खरेदी विभागानं विचारलं,
शेवटच्या पंधरा मीटरांना एवढा पैसा?
दोनशे मीटर कठडा त्याहून स्वस्त पडतो.
मी उत्तरादाखल
कलिंगडाचा फोटो पाठवला.
त्यांना वाटलं चुकून गेला.

फेब्रुवारीत फोन आला.
पोचलो तेव्हा गाडी उचलून नेली होती.
डोकं साडेसात मीटर मागे सरकलेलं,
चार खांब खडूच्या खुणेवर तुटलेले,
आणि वाळूत पत्र्याचं एक मोठं वेटोळं,
वाकल्या जागी जस्त उडालेलं.
त्याच्या सावलीत एक बकरी रवंथ करत होती.

पोलिसाच्या वहीत एकच ओळ:
चालक चालत पेट्रोलपंपावर गेला.
नाव लिहायचं राहून गेलं होतं.
पंपावरच्या पोरानं सांगितलं,
त्यानं पाणी घेतलं, दोन बाटल्या,
आणि सुटे पैसे परत घ्यायला विसरला.

मी बदलीचा तक्ता भरायला घेतला.
डोकं एक. खांब चार. पत्रे दोन.
"कारण" या रकान्याशी पेन अडलं.
दाऊद खांद्यावरून वाकून बघत होता.
"लिहा," म्हणाला, "वाकला."
आणि हुर्रऽ हुर्रऽ करत
बकरीला वेटोळ्यातून हुसकायला गेला.
ती उठायला तयार नव्हती.