किती, ते सांगा

अहमदपूरला तहसीलच्या रस्त्यावर
रसवंतीला लागून माझं सेंटर आहे.
दोन कॉम्प्युटर, एक स्कॅनर,
एक खुर्ची, जिच्या चौथ्या पायाखाली पुठ्ठा.

सोजरबाई सुरनर अकराला आल्या.
नातीच्या जातपडताळणीला
आजेसासऱ्यांचा शाळेचा उतारा,
साल फसली, अक्षर उर्दू,
पिशवीत पिशवी, तिच्यात कागद.

मी काच पुसली.
रंगीत स्कॅन केला, शिक्का निळा होता म्हणून.
अपलोड.

फाइल खूप मोठी आहे.

एवढंच. लाल अक्षरात.

"किती मोठी हाय म्हनायलंय?"
मावशी, ते सांगत नाही.
"मंग किती पायजे म्हनायलंय?"
तेही नाही.
"मंग नुसतं आरडायलंय व्हय."

चौकातला रज्जाक टेलरसुद्धा
कापड कमी पडलं तर बोट ठेवून सांगतो,
इथं, एवढं, अर्धा मीटर आणा.

मी अंधारात खडे मारत बसलो.
नऊशे केबी. नाही.
सहाशे. नाही.
लाईट गेली, रसवंतीचे घुंगरू थांबले.
लाईट आली.
चारशे. नाही.
रंग काढला. शिक्का राखाडी झाला.
तीनशेला नुक्ते विरायला लागले.
नुक्ता गेला की नाव दुसऱ्याचं होतं,
आणि नाव दुसऱ्याचं झालं की
नात कुणाची?

अडीचशेला घेतलं.

हेल्पलाइनवरचा पोरगा म्हणाला,
सर, सेटिंगमध्ये दोनशे छप्पन आहे.
मग लिहा की तसं.
लिहिलं होतं सर, एक एमबी.
पुढं कुणीतरी सेटिंग बदललं, वाक्य तसंच राहिलं.
लोक भांडायला लागले,
म्हणून आकडाच काढून टाकला.

मी म्हटलं, बाबा,
वाक्यानं आकडा पाठ करायचाच कशाला?
दर वेळी सेटिंगला विचारावा,
आणि विचारलेलाच सांगावा.
तो गप्प.
मग म्हणाला, नोंद करतो.

आधी कळलं असतं तर
मी कडेची कोरी जागा कापली असती.
अक्षरं दाबली नसती.

दिवाळीनंतर एकदा, दुसऱ्याच कुणाच्या कागदावर,
लाल अक्षरात आलं:
तुमची फाइल ८१२ केबी. मर्यादा २५६ केबी.
मी ते दोनदा वाचलं, मोठ्यानं.
त्या पोरानं केलं की आणखी कुणी, माहीत नाही.
भिंतीवर खडूनं लिहिलेला २५६
ओल्या फडक्यानं पुसून टाकला.

सोजरबाई परवा आल्या होत्या, रेशनच्या कामाला.
त्यांना दाखवलं.
"हां. आसं बोल म्हनावं."
मग जरा थांबून,
"आन् आमच्या पोरीचं?"

उघडून बघितलं.
छाननी सुरू आहे, एवढंच लिहिलंय.
किती दिवस, ते नाही.