आठ बाय आठात ळ

जकात नाक्याचा लिलाव झाला तेव्हा
मी एकच वस्तू उचलली : आईचं मशीन.
टेम्पोवाला म्हणाला, ताई, याचं लोखंडसुद्धा चांगलं नाही.
आई म्हणाली, मुलुंडच्या या घरात जागा कुठे आहे,
आणि स्वतःच शिलाई मशीन भिंतीकडे सरकवलं.

एकोणीस वर्षं तिनं त्यावर ट्रकांचे नंबर मारले.
कांदा, फरश्या, सुती गाठी, वजन, रक्कम.
पाळी सुरू होताना ते नाव विचारायचं
आणि ती टाइप करायची मृणाल, इंग्रजीत.
ळ ला तिथे जागाच नव्हती.

कार्ड मी ओट्यावर केलं.
तांब्याच्या पत्र्यावर इस्त्रीनं रेघा उठवल्या,
फेरिक क्लोराइडची तपेली अर्धा तास हलवत बसले.
गंजाच्या रंगाचा एक डाग अजून आहे तिथे,
चिंच लावून झाली, जात नाही.

चिप लॅमिंग्टन रोडवरच्या मुफद्दलभाईंकडची.
ते मोजत नाहीत, मूठ उघडून देतात.
पाठीवर गोल काच, आत केसाहून बारीक तारा.
पुसायला बिघडलेल्या फिल्टरची जांभळी नळी
चकलीच्या डब्यात बसवली. झाकण लावून वीस मिनिटं.
आई आतून विचारते : शिजलं का?

पहिले दोन बाइट ठरलेले असतात, पंचावन्न आणि एए.
एक आड एक दिवा, आणि लगेच त्याच्या उलट.
मशीन जागं झालं की पत्त्यापत्त्यावर फिरतं,
ही खूण दिसली की थांबतं,
आणि आतल्या सगळ्यांची बेरीज करतं.
हातचा सोडून शून्य आलं
तरच कार्डाला बोलू देतं.

आलेख कागदावर चौसष्ट चौकटी.
म बसला. ण बसला.
ऋकार शेपटीसारखा खाली लोंबला, पण राहिला.
ळ तेवढा ऐकेना.
डोक्यावरची रेघ गेली की दोन वाटोळ्यांना
एक ठिपकाही उसना मिळत नव्हता.

आईनं पडद्याजवळ तोंड नेलं.
हा ळ नाही, म्हणाली. हा माझा चष्मा आहे.
मधला एक ठिपका काढ.

काढला. चिप पुसली, भरली, खोबणीत दाबली.
मशीननं मेमरी मोजली, सहाशे चाळीस,
एकदा वाजलं,
आणि कार्डाच्या दारावरून तसंच पुढे गेलं,
तिथे कुणी राहतच नसल्यासारखं.

रात्री दीड. सगळे टाके पुन्हा तापवले.
एक पाय वाकडा निघाला, सरळ केला,
दोष त्याचा नव्हता.
अंधारातून आई म्हणाली,
एक पावती इकडची तिकडे झाली
तर आम्हीसुद्धा घरी जात नव्हतो.
बेरीज बघितलीस?

बेरीज.
तो एक ठिपका सोळाचा होता.
सोळा शेवटच्या बाइटात टाकले
आणि ओट्याशीच बसून हसत राहिले.

सकाळी काचेवर लावायला चिकटपट्टी नाही.
उजेड आत जात राहिला तर
दोन-चार वर्षांत अक्षरं विरतात.
आईनं कपाटातून टिकल्यांचं पाकीट काढलं,
मरून, मखमली, चारच वापरलेल्या.
बाबा गेले त्या आठवड्यातलं.
मापाला बसते का बघ.
बसली.

मशीन फिरत आलं. थांबलं.
हिरव्या पडद्यावर, जरा वाकड्या ओळीत : नाव?

आईनं खुर्ची ओढली.
चार बटणं तिनं सावकाश दाबली,
नवख्या कारकुनासारखी, एकाच बोटानं.
शेवटचं कुठाय?
शिफ्ट धरून एल, मी म्हटलं.

तिनं शिफ्ट धरलं.
बराच वेळ धरून ठेवलं.